कमरेला काय खोचले होते?

आमच्या घरात एक सुरी आहे. पाते सहा इंचांचे, रुंदी जेमतेम दीड इंच, मूठ बाभळीच्या लाकडाची. मुठीवर तांब्याच्या तारेचे चार वेढे आहेत, त्यांतला एक सुटलेला आहे. गाडीच्या जुन्या धावेचे लोखंड घेऊन गावच्या लोहाराने ती आज्याला करून दिली, असे आजी सांगे. घडणावळ म्हणून आज्याने एका वासराचे कातडे दिले होते. ही सुरी मिटत नाही. पाते आणि मूठ एकजीव आहेत. अशी न मिटणारी वस्तू अंगावर वागवायची तर ती कोठे ठेवायची, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक हातकाम्याला आणि प्रत्येक लढवय्याला पडलेला आहे, आणि बहुतेकांनी त्याचे एकच उत्तर काढले आहे : कमर. मात्र कमरेत कोणी, कोणत्या बाजूला आणि कोणाच्या परवानगीने खोचायचे, याची उत्तरे समाजागणिक निराळी आहेत. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावाने आला. तलवारींचा इतिहास मी मुलांना बरीच वर्षे शिकवत आलो. या सुरीचा इतिहास मात्र कोठल्याच पुस्तकात सापडला नाही, म्हणून हे टिपण.

प्रथम ती कशी बाळगली जात असे ते सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. आज्याच्या अंगावर गुडघ्यापर्यंतचे धोतर आणि बंडी. पट्टा नाही. धोतराच्या आत कमरेला काळा करदोडा. कातड्याची एक अरुंद खोळ या करदोड्यातून ओवलेली असे. तिचे तोंड वरून दुमडून चामड्याच्याच वादीने शिवलेले, म्हणजे खोळ खाली घसरत नसे. खोळीचा बहुतेक भाग धोतराच्या आत राही, बाहेर फक्त मूठ दिसे, आणि बंडी खाली ओढली की तीही दिसत नसे. सुरी डाव्या कुशीला, पण थोडी पाठीकडे, तिरकी. टोक मागे, धार बाहेरच्या अंगाला. असे का? कारण आज्याचे काम उकिडवे बसून करायचे होते. मेलेल्या बैलाशेजारी उकिडवे बसले की पोट आणि मांडी एकमेकांना भिडतात. पुढे खोचलेली सुरी अशा वेळी जांघेत रुतते, सरळ उभी खोचली तर मूठ बरगडीला लागते. कुशीमागची तिरकी जागा तेवढी मोकळी राहते. धार बाहेर असल्याने खोळ झिजून फाटली तरी कातडी कापली जात नाही. हे ज्ञान आज्याला कोणी शिकवले नव्हते. त्याच्या बापाच्या कमरेला त्याने ते पाहिले होते.

आता दुसऱ्या कमरा पाहू. शाहजहानच्या दरबाराची बादशहानाम्यातली चित्रे पुष्कळांनी छापील स्वरूपात पाहिली असतील. ओळीने उमराव उभे आहेत. प्रत्येकाच्या कमरेला भरजरी पटका आणि पटक्यात कट्यार. कट्यारीची मूठ इतर हत्यारांसारखी नसते. दोन समांतर दांड्या आणि मध्ये आडवे गज, मुठीत धरून सरळ भोसकण्याची सोय. पाते रुंद, आखूड आणि त्रिकोणी. घट्ट बांधलेल्या पटक्यात असे पाते पाचरीसारखे बसते, हालत नाही, आणि मूठ पोटावर सर्वांना दिसेल अशी तिरकी राहते. ऐन-इ-अकबरीत अशा लहान हत्यारांची नावे आणि चित्रेही दिली आहेत. जहांगीरच्या आत्मचरित्रात तर कोणाला रत्नजडित खंजीर बहाल केला, कोणाला फूलकटारा दिला, अशा नोंदी पानोपानी आहेत. बादशहाने दिलेला खंजीर ही दर्जाची पावती होती, आणि पावती लोकांना दिसावी लागते. उभ्याने मुजरा करणारा, घोड्यावर बसणारा, गादीवर मांडी घालणारा माणूस पोटावर कट्यार बाळगू शकतो. उकिडवे बसून ढोर सोलणारा बाळगू शकत नाही. प्रस्थापित शस्त्रेतिहासात मुठीवरच्या हिऱ्यांची मोजदाद आहे. माणूस बसत कसा होता हा प्रश्न तेथे कोणी विचारलेला नाही.

आमच्या मराठवाड्यात याहून जवळचे उदाहरण होते. निजामाच्या राज्यात हद्रमौतहून आलेले अरब शिपाई होते. त्यांच्या कमरेला जंबिया असे. त्यांच्या मूळ मुलखात, म्हणजे यमनमध्ये, जंबियाची जागा ही जन्माची खूण होती. टोळीवाला तो पोटावर मधोमध उभा बांधी. सय्यद आणि काझी घराण्यातले पुरुष निराळ्या घडणीचा जंबिया उजवीकडे तिरका बांधीत. आणि तेथल्या ज्यू लोकांना तो बांधण्याची मनाईच होती. ज्यूंमध्ये नावाजलेले चांदीकाम करणारे कारागीर होते. दुसऱ्याच्या पट्ट्याचे आणि म्यानाचे नक्षीकाम करायचे, पण स्वतःच्या कमरेला काही नाही! मनू तेथे कधी गेला नव्हता. तरीही कोणाची कमर सजवायची आणि कोणाची उघडी ठेवायची हा हिशेब तेथल्या सत्ताधाऱ्यांनाही अचूक जमला होता.

मनूचा हिशेब अर्थात अधिक पक्का. शस्त्र धारण करणे हा क्षत्रियाचा व्यवसाय. धर्मावर संकट आले तर द्विजांनी, म्हणजे ब्राह्मण-वैश्यांनीही, शस्त्र घेण्यास हरकत नाही, असे आठव्या अध्यायात आहे. शूद्राला ती मुभा नाही. दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, राजाने ठरवून दिलेली चिन्हे अंगावर बाळगून कामापुरते गावात फिरावे, असे सांगितले आहे. आणि पुढे राजाज्ञेने ज्यांना देहदंड झाला त्यांचा वध याच चांडाळाने करावा असेही आहे. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. ज्याला शस्त्र वर्ज्य त्याच्याच हातात मारण्याचे हत्यार दिलेले आहे; फक्त ते कोणावर आणि कोणाच्या हुकमाने चालवायचे एवढे दुसऱ्याने ठरवायचे आहे. आज्याच्या सुरीची गोष्ट याहून फार वेगळी नाही. आमच्या हातात पाते नव्हते हे खरे नाही. पाते होते, ते मेलेल्यापुरते होते.

'जातिसंस्थेचे उच्चाटन' या १९३६ च्या निबंधात बाबासाहेबांनी नेमका हाच धागा पकडला आहे. इतर देशांत सामाजिक क्रांत्या झाल्या, येथे का झाल्या नाहीत, असे विचारून त्यांनी उत्तर दिले आहे की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र, विद्या आणि संपत्ती या तिन्हींपासून तोडले; नांगराच्या फाळाची तलवार करण्याची संधीच त्यांना कधी मिळाली नाही. त्याच निबंधाच्या आरंभी पेशव्यांच्या राजधानीतले, पुण्यातले, वर्णन आहे : अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला मागे झाडू. हा उतारा आपण सभांतून शेकडो वेळा ऐकला आहे. मडक्यावर आपण बोलतो, थुंकीवर बोलतो. पण झाडू कोठे बांधलेला आहे? कमरेलाच. ज्या शहरात सरदाराच्या शेल्यात कट्यार खोचलेली होती त्याच शहरात, शरीराच्या त्याच जागी, आमच्या माणसाला झाडू होता. कट्यार पुढे, झाडू मागे. एकाने वाट काढायची आणि दुसऱ्याने स्वतःच्याच पायाची वाट पुसायची.

गावगाड्यात महाराच्या हाताला शस्त्र म्हणून मिळाली ती घुंगुरकाठी. वेशीवर राखण, सरकारी वसुली तालुक्याला पोचवणे, शिवेच्या तंट्यात साक्ष, ही सारी जोखमीची कामे, त्यांना काठी. बावन्न हक्कांच्या गप्पा गावात फार चालत, पण त्या हक्कांत मेलेल्या ढोराचे कातडे होते, कमरेची कट्यार नव्हती. गावात पाती पुष्कळ होती हे मात्र विसरता कामा नये. चांभाराची रापी, न्हाव्याचा वस्तरा, खाटकाचा सुरा, मांगाचा दोर कापण्याचा कोयता. कोकणात आणि गोव्यात माडावर चढणारा माणूस पाठीमागे कमरेच्या दोरीला लाकडाचा खाच पाडलेला ठोकळा बांधतो आणि त्यात कोयती अडकवतो. दोन्ही हात झाडाला मोकळे राहतात आणि पाते अंगापासून दूर. यातली प्रत्येक सोय हा शतकांच्या अनुभवातून आलेला शोध आहे. आणि बाया? आजीचा विळा तिच्या नऊवारीच्या पाठीमागे, कासोट्याच्या वरच्या घडीत खोचलेला असे. डोक्यावर गवताचा भारा, कडेवर पोर आणि पाठीला विळा. बाईच्या कमरेचे पाते कोणाला हत्यार वाटले नाही, कारण बाई कोणाला माणूसच वाटत नव्हती. आजीला मी हे बोललो तेव्हा ती म्हणाली, "वाटलं नाई ते बरंच झालं बाबा, न्हाईतर विळाबी काढून घेतला असता."

इंग्रजांच्या पलटणींत आमच्या माणसाच्या कमरेला पहिल्यांदा पट्टा आला आणि पट्ट्याला संगीन आली. १ जानेवारी १८१८ चे कोरेगाव सर्वांना ठाऊक आहे, त्याविषयी पुन्हा लिहीत नाही. मला वाटते, लढाईइतकीच मोठी गोष्ट तो पट्टा होता. संगीन चामड्याच्या खोबणीत डाव्या कुशीला लटकते, उजव्या हाताने ओढता येते. ती धोतराच्या आत लपवायची नसते. शंभर लोकांसमोर, सरकारी खर्चाने, डाव्या कुशीला पाते! सुट्टीवर गावी आलेल्या महार हवालदाराला पाहून वेशीतल्या मंडळींच्या पोटात काय कालवले असेल याची कल्पना करावी.

ते फार काळ टिकले नाही. १८५७ नंतर लढवय्या जातींचे शास्त्र निघाले आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. गोपाळ बाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. त्यांच्या आधीच, १८७८ मध्ये, लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा आला होता. परवान्यावाचून हिंदी माणसाने शस्त्र बाळगू नये, गोऱ्यांना माफी. काँग्रेसने या कायद्याविरुद्ध सुरुवातीच्या अधिवेशनांपासून तक्रार केली, राष्ट्राचा पुरुषार्थ हिरावला म्हणून पुष्कळ शाई खर्च झाली. ती तक्रार खोटी नव्हती. पण ज्यांचा पुरुषार्थ त्यापूर्वी दोन हजार वर्षे हिरावलेला होता त्यांच्यासाठी त्या शाईतला थेंबही नव्हता.

त्या कायद्याला सूट कोणाला मिळाली ते पाहणे उद्बोधक आहे. कूर्गमधल्या कोडवांना १८५७ मधल्या निष्ठेबद्दल १८६१ मध्येच निःशस्त्रीकरणातून वगळण्यात आले होते. 'कूर्ग वंशाचे' आणि जम्मा जमिनीचे धारक अशी ती सवलत. स्वातंत्र्यानंतरही ती चालू राहिली आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली. कोडव पुरुष सणाला काळा कुप्या घालतो, त्यावर तांबडा रेशमी चेले बांधतो आणि चेल्यात पुढे चांदीच्या म्यानातली पीचेकत्ती खोचतो. जड, रुंद कत्ती पाठीमागे पितळी पकडीत अडकवतो. सुंदर वेष आहे, यात वाद नाही. कोडवांचा मला द्वेषही नाही. पण त्याच डोंगरांत त्यांच्या भातशेतात पिढ्यान् पिढ्या वेठीला बांधलेले होलेया आणि येरव होते. झाडी तोडायची कत्ती त्यांच्याही कमरेला होती. सवलतीच्या कागदात त्यांचे नाव कधी आले नाही.

याउलट शिखांचे उदाहरण. १६९९ मध्ये आनंदपूरला गुरु गोविंदसिंगांनी अमृत दिले आणि कृपाण हे पंथात येणाऱ्या प्रत्येकाचे लेणे केले. परंपरेप्रमाणे पहिल्या पाच प्याऱ्यांत एक न्हावी होता, तोही आपल्या शेजारच्या बीदरचा. कृपाण खांद्यावरून आलेल्या गातऱ्याला लटकते, कमरेच्या उंचीवर, कोणी ती पटक्यातही खोचतात. जागा कोणतीही असो, जात पाहून ती ठरत नाही, निदान तत्त्वाने तरी. गुरु तेगबहादुरांचे शिर १६७५ मध्ये दिल्लीहून आनंदपूरला पोचवणारे भाई जैता ज्या रंगरेटा समाजातले, त्याच समाजातून पुढचे मजहबी शीख आले. व्यवहारात मात्र मजहबींच्या विहिरी आणि स्मशाने पंजाबात वेगळी राहिली, आणि पलटणीही वेगळ्या. १९४१ मध्ये मजहबी आणि रामदासिया शिखांची निराळी पलटण उभी राहिली, तीच १९४४ पासून शीख लाइट इन्फंट्री. म्हणजे धर्माने कमरेला पाते दिले तरी जात कमरेवर जागा अडवून बसू शकते. १९३६ मध्ये बाबासाहेब शीख धर्माचा विचार करीत होते; अमृतसरच्या परिषदेला गेलेही होते. पुढे त्यांनी वाट बदलली. बुद्धाच्या मार्गात कमरेला काही बांधावे लागत नाही. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात मात्र कृपाण धारण करणे हे शीख धर्माच्या आचरणात मोडते असे स्पष्टीकरण आले, आणि ज्या समितीने मसुदा केला तिचे अध्यक्ष कोण होते ते सांगायला नको.

१९४१ मध्येच बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली होती. वीस वर्षांनी पुन्हा पट्टा मिळाला. या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आरंभी कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभ गेला आणि त्या जागी खंजीर आला. दोन आडव्या मशीनगन आणि मधोमध उभे पाते. स्तंभ जाण्याची हळहळ आपल्याकडे अनेकांना आहे, मलाही आहे. पण तो बिल्ला आमच्या भावकीतल्या एका सुभेदाराच्या टोपीवर मी लहानपणी पाहिला, तेव्हा मला स्तंभाचे काही माहीत नव्हते. मला फक्त ते पाते दिसले होते आणि घरातली सुरी आठवली होती.

ती सुरी तेव्हा कमरेला नव्हती, आढ्याला होती. महाडला १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, गावकीची हलकी कामे सोडा असे सांगितले. तो आवाज निजामाच्या मुलखात आमच्या खेड्यापर्यंत यायला तीस वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी 'केसरी'त आलेल्या एका हिशेबाचा समाचार घेतला : ढोरे ओढणे सोडल्याने महारांचे शिंगा-खुरांचे, हाडांचे, कातड्याचे एवढे उत्पन्न बुडते म्हणे! एवढा नफा असेल तर तुम्हीच ओढा आणि तुम्हीच घ्या, हा त्यांचा सवाल. आज्याने हे भाषण ऐकले नव्हते. पण त्या हिवाळ्यात वस्तीने ठराव केला आणि त्यावेळी सव्वीसेक वर्षांच्या आज्याने करदोड्यातून खोळ काढून सुरीसकट आढ्याला खोचली. फेकली नाही. आजीला मी विचारले, का फेकली नाही? ती म्हणाली, "लोखंड हाय, फेकतंय का कुनी?" मला यापेक्षा मोठे उत्तर हवे होते, पण तिने दिले नाही.

सुरी बावीस वर्षांनी खाली आली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. आमच्या गावचे नाव येथे देत नाही. त्यावेळी ज्यांची पोरे आली होती त्यांची नातवंडे आज माझ्या वर्गात बसतात. रात्री पलीकडच्या गावचा धूर दिसला. आज्याने आढ्यावरची सुरी काढली, खोळीला तेल चोळले आणि करदोड्यात ओवली. मग बाया-पोरांना घेऊन ज्वारीच्या रानातून तालुक्याकडे निघाला. माझे वडील तेव्हा आठ वर्षांचे. चिखलात चालवेना म्हणून आज्याने त्यांना डाव्या कडेवर घेतले. वडील सांगतात, रात्रभर मांडीला काहीतरी टणक टोचत होते. दुसऱ्या कडेवर घे म्हणून ते रडले, पण आज्याने बाजू बदलली नाही. उजवा हात त्याला मोकळा हवा होता.

वाटेत ओढ्यापाशी कंदील घेतलेली माणसे दिसली. आज्याने सर्वांना ज्वारीत खाली बसवले. स्वतः उकिडवा बसला, मुठीवर हात ठेवून. माणसे दहा-बारा पावलांवरून निघून गेली. त्यांतल्या दोघांचे आवाज त्याने ओळखले होते. त्यांच्या घरची ढोरे त्याने सोलली होती.

त्याने सुरी उपसली नाही. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. चवदार तळ्याचे पाणी पिऊन झाल्यावर महाडात २० मार्च १९२७ ला आमच्या लोकांवर लाठ्या चालल्या. तेथे लष्करातून निवृत्त झालेली कसलेली माणसे होती, हात शिवशिवत होते, आणि बाबासाहेबांनी त्यांना आवरले. तो एका नेत्याचा जाणता निर्णय होता, त्यामागे कायद्याचा आणि उद्याचा विचार होता. ज्वारीतल्या आज्याचे काय? भीती? शहाणपण? कडेवरचे पोर? की हे पाते जिवंतावर चालवायचे नसते असे पिढ्यांनी हाताला शिकवलेले? वडील म्हणतात भीती. आजी म्हणे, "आमी सोळा जनं व्हतो, ते किती व्हते कुनाला ठावं." मी इतिहासाचा अध्यापक असूनही यातले एक निवडू शकत नाही.

पहाटे तालुक्याचे ठाणे आले. आज्या फिर्याद द्यायला आत निघाला आणि पायरीशी थबकला. मागे वळून त्याने सुरी काढून आजीच्या हातात दिली. आजीने ती लुगड्याच्या ओच्यात घेतली आणि वर धाकट्या आत्याला पदराखाली धरले. दारातल्या शिपायाने आज्याला विचारले, "कमरेला काय?" झडती झाली. सुरी सापडली नाही, पण घाईत खोळ करदोड्यालाच राहिली होती. खोळ आहे तर हत्यार कोठे आहे, एवढ्यावर माझ्या आज्याला दोन दिवस व्हरांड्यात बसवून ठेवले. घर जळाल्याची फिर्याद तिसऱ्या दिवशी लिहून घेतली. खोळ ठाण्यातच राहिली. म्हणून आज आमच्याकडे नुसती सुरी आहे.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेली वस्तू शस्त्र धरलेली नाही. नियमांत सुरीसाठी नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदी अशी मर्यादा आहे. म्हणजे आज्याची सुरी त्या कायद्याने शस्त्र नव्हतीच. पण १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याच्या ३७ व्या कलमाखाली बंदीचा हुकूम निघाला की सुरी, काठी, लाठी सारेच बाळगणे गुन्हा होते. तेथे इंच मोजत नाहीत. आणि दारातल्या शिपायाने तर कोणतेच कलम उघडले नव्हते. पाते कामाचे की मारण्याचे हे लोखंडावर लिहिलेले नसते; कोणाच्या कमरेला आहे ते पाहून ठरते. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या आमच्या भावंडांना मारले, चार तरुणांना मोटारीला बांधून गावात नेऊन फटकावले. त्यांच्याजवळ सोलायच्या सुऱ्या होत्या. मारणाऱ्यांजवळ लाठ्या आणि नळ्या होत्या. सुऱ्या चालल्या नाहीत. त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरे कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली, आणि बाबासाहेबांचा साठ वर्षांपूर्वीचा सवाल पुन्हा उभा राहिला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात इतिहास विभागाने एक लहानसे वस्तुदालन मांडले. मुलांनी घरून वस्तू आणल्या. कोणी पायली, कोणी पानाचा डबा, एका मुलाने पणजोबांची मोडकी तलवार, हार घालूनच आणली. २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याला आली तेव्हापासून मुलांना हत्यारांचे वेड आहे. मी सुरी मांडायची ठरवले. एक सहकारी म्हणाले, नोंदवहीत ती शेतीच्या अवजारांत घाला. दुसरे म्हणाले, शस्त्रांत घाला, तलवारीशेजारी शोभेल. मी दोन्ही टाळून कार्ड लिहायला घेतले आणि वडिलांना विचारायला घरी गेलो.

वडील साठीकडे झुकलेले आहेत, सरकारी कचेरीत शिपाई होते, पँट-पट्टा वापरतात. त्यांनी सुरी हातात घेतली, सदरा वर केला आणि आज्या कोठे बाळगत असे ते दाखवण्यासाठी डाव्या कुशीला खोचून पाहिली. पट्ट्यात ती बसेना. खोळ नाही, करदोडा नाही. वाकले की टोक खाली सरके. दोनदा प्रयत्न करून त्यांनी ती काढली.

"दालनात ठेवू?" मी विचारले.

"लोक विचारतील कशाची हाय. काय सांगशील?"

"खरं ते सांगीन."

"म्या तुला कॉलेजात धाडलं ते हे सांगाया न्हाई," ते म्हणाले, आणि सुरी जुन्या पातळाच्या धडप्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. ट्रंकेची किल्ली त्यांच्याच करदोड्याला आहे, हे मला त्या दिवशी कळले. पँटच्या आत ते अजून करदोडा बांधतात.

कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर एवढेच लिहिले आहे : सुरी, लोखंड व बाभूळ, विसाव्या शतकाचा मध्य, मराठवाडा. 'उपयोग' या शब्दापुढे अजून काही लिहिलेले नाही.